‘अंक राहू दे, पैसे ठेव’ म्हणणाऱ्यांना



ह्या अंकाच्या मुखपृष्ठावर किंमत छापलेली आहे. वीस रुपये. ती वर्गणी नव्हे, जयंतीची पट्टी नव्हे, सहकार्य नव्हे, आणि ‘चहापाणी’ तर मुळीच नव्हे. किलोभर मिठाची जशी किंमत असते, तशी ती किंमत आहे. इतकी सरळ गोष्ट ओरडून सांगायची पाळी आली, म्हणून हे लिहितो आहे.

घनसावंगीच्या स्टँडवर, तहसीलीच्या दारात, कुंभार पिंपळगावच्या अन् तीर्थपुरीच्या बाजारात आपली पोरं अंक घेऊन उभी राहतात. काखेत गठ्ठा, डोक्यावर ऊन, घशाला कोरड. चार तासांत आठ अंक गेले तर दिवस चांगला गेला म्हणायचं. हे सगळं ठीक. विकायला उभं राहिलं म्हणजे उभं राहावंच लागतं, त्याचं रडगाणं मला गायचं नाही. मला बोलायचं आहे ते येणाऱ्या-जाणाऱ्याबद्दल. तो पोराकडं कसा बघतो, खिशात हात कसा घालतो, हात बाहेर कसा काढतो, ह्याबद्दल. कारण त्या दोन मिनिटांत अख्खा गाव दिसतो.

एक जण येतो तो नुसताच हात हलवतो. पुढं जा, पुढं जा. जालन्याहून अप-डाऊन करणाऱ्यांच्या घोळक्यात असे पुष्कळ. त्यांनी कागद बघितलेलाच नसतो. काखेत गठ्ठा अन् अंगावर मळका शर्ट एवढं दिसलं की त्यांचा हात आपोआप हलतो. नंदीवाल्याला, पोतराजाला, डोंबाऱ्याच्या पोरीला जो हात हलतो तोच हात. त्याचा मला फार राग येत नाही. त्याला नको असेल तर नको. न घेण्याचा हक्क प्रत्येक गिऱ्हाइकाला आहे.

दुसरा थांबतो. अंक हातात घेतो, उलटा करतो, बाबासाहेबांचं चित्र बघतो अन् विचारतो, “काय रे, वर्गणी का? कितीची पावती फाडतो?” ह्याच्या डोक्यात एक गोष्ट पक्की बसलेली आहे, की आपला माणूस दारात आला म्हणजे मागायलाच आला. त्याच्याजवळ विकण्यासारखं काही असू शकतं, आणि तेही अक्षर, हे त्याच्या बापजाद्यांच्या हिशेबात कुठंच नाही.

पण आजचा माझा माणूस तिसरा आहे. तो सभ्य आहे. तो मास्तर असतो, ग्रामसेवक असतो, बँकेतला असतो. कधी सवर्ण असतो, आणि आता उघड बोलायचं तर पुष्कळदा आपलाच असतो. तो हसतो. खिशातून वीसची नोट काढतो, कधी पन्नासचीही काढतो. पोराच्या हातावर ठेवतो आणि म्हणतो, “अंक राहू दे, दुसऱ्या कोणाला दे. हे ठेव तुला.” आणि निघून जातो. आपलं पोरगं मागून म्हणतं, “धन्यवाद सर.”

दोस्तांनो, ते धन्यवाद नव्हे. तो जोहार आहे.

हे तुम्हाला जास्त वाटेल. पैसे तर दिले बिचाऱ्यानं, शिवी तर दिली नाही, मग काहून एवढं आकांडतांडव? सांगतो. त्यासाठी जरा मागं जावं लागेल, भाकरीपाशी.

तुमच्या आज्या अजून जिवंत असतील तर त्यांना विचारा. येसकरपाळी ज्या घरावर असेल त्या घरातलं माणूस दिवसभर गावाचं राबायचं. सांगावा न्यायचा, मेलेलं ढोर ओढायचं, सरकारी माणसाच्या घोड्यापुढं धावायचं. आणि दिवेलागणीला त्याच घरातली बाई नाहीतर पोर टोपलं घेऊन घरोघर फिरायची. “भाकर वाढा माय.” उंबऱ्याच्या आत पाऊल नाही. भाकर वरून पडायची. हाताला हात लागू नये म्हणून वरून. शिळी असेल, करपलेली असेल, कालच्या कोरड्यासाचा गोळा तिच्यावर असेल. पडेल ते घ्यायचं. इंग्रजी मुलखात होतं तसंच निजामी मुलखातही होतं. आपला हा सगळा पट्टा १९४८ पर्यंत निजामाचा, पण टोपल्याला निजाम अन् इंग्रज हा फरक कळत नव्हता.

आता ह्यातली खरी गोम बघा. ती भाकर भीक नव्हतीच. ती मजुरी होती. दिवसभराच्या कामाचा दाम होता. पण गावानं तो दाम हातात दाम म्हणून कधी दिला नाही. आधी मागायला लावलं आणि मग दान म्हणून वाढलं. ‘आमच्या भाकरीवर जगता’ असं म्हणायची सोय त्यानं करून ठेवली. काम आमचं, उपकार त्यांचा. दामाचं दान करून टाकणं, ही ह्या देशातली सर्वात जुनी चोरी आहे. ती पोलिसात नोंदवता येत नाही, कारण चोर हसत असतो आणि ज्याचं गेलं तो हात जोडत असतो.

ज्या मास्तरानं वीस रुपये दिले अन् अंक नाकारला, त्यानं नेमकं हेच केलं. तुमच्याजवळ वस्तू होती. लिहिलेली, छापलेली, गुडघ्यावर ठेवून घड्या घातलेली. तिला किंमत होती. त्यानं वस्तू बाजूला सारली आणि पैसा तेवढा ठेवला. एका क्षणात विकणारा मागणारा झाला. आणि त्यात तो स्वतः दाता झाला, तेही फक्त वीस रुपयांत. इतकं स्वस्त पुण्य देवळातसुद्धा मिळत नाही.

आता तर स्कॅनर आला. अंकाच्या गठ्ठ्यावर कोड चिकटवलेला असतो, मोबाइल लांबूनच दाखवायचा, टिंग वाजलं की झालं. हाताला हात लागायचा प्रश्नच नाही. आमच्या आज्ज्याच्या टोपल्यात भाकर वरून पडायची, नातवाच्या खात्यात पैसा वरून पडतो. सुधारणा म्हणतात ती हीच काय?

बाबासाहेबांनी हे सगळं ओळखलं होतं. नुसतं ओळखलं नव्हतं, त्यावर हत्यार काढलं होतं. तारखा ध्यानात घ्या, आपण तारखा जयंतीपुरत्या पाठ करतो अन् त्यांच्यामधलं अंतर बघत नाही. १९ आणि २० मार्च १९२७, महाड. कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद. चवदार तळ्याची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे. पण तळ्यावर जाण्याआधी त्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना काय सांगितलं? मेलेल्या ढोराचं मांस सोडा, महारकी सोडा, गावात तुकडे मागणं सोडा. आणि ३ एप्रिल १९२७ ला ‘बहिष्कृत भारत’चा पहिला अंक निघाला. मध्ये गेले फक्त पंधरा दिवस.

ह्या पंधरा दिवसांचा अर्थ मी असा लावतो. ज्या हातातून टोपलं काढून घेतलं त्या हातात वर्तमानपत्र दिलं. मागणारा हात विकणारा केला, वाचणारा केला. ही घटना तळ्याच्या पाण्याइतकीच मोठी आहे, पण तिचा पुतळा कुठं उभा नाही.

आणि पेपर काही सुखानं चालला नाही. त्याआधी ३१ जानेवारी १९२० ला ‘मूकनायक’ निघाला तेव्हा ‘केसरी’नं त्याची जाहिरात पैसे घेऊनसुद्धा छापायला नकार दिला होता. म्हणजे बघा, दाम हातात धरून गेलेल्या माणसालाही गिऱ्हाईक मानायची तयारी नव्हती. ‘बहिष्कृत भारत’ला तर वर्गणीदारांची वाण कायमची. रकानेच्या रकाने बाबासाहेबांनी स्वतः लिहिले. बॅरिस्टर माणूस, त्या कामाचा एक पैसा घेतला नाही. आणि पेपर बुडायला लागला तेव्हा त्यांनी वाचकांपुढं जो मजकूर ठेवला त्याचं शीर्षकच होतं, ‘बहिष्कृत भारताचे ऋण हे लौकिक ऋण नव्हे काय?’ ऋण! शब्द तोलून घ्या. ‘मदत करा’, ‘हात पुढे करा’, ‘दानशूरांनो’ असली भाषा शीर्षकात नाही. तुम्ही देणं लागता, असं सांगितलं. मागणारा खाली अन् देणारा वर, हा हिशेबच त्यांनी उलटा केला. तरीही १९२९ साली ‘बहिष्कृत भारत’ बंद पडला. मग १९३० ला ‘जनता’ निघालं, १९५६ ला त्याचंच ‘प्रबुद्ध भारत’ झालं. पेपर बंद पडले म्हणून कोणी टोपलं परत हातात घेतलं नाही, पुढचा पेपर काढला.

इथं एक हुशार मित्र मला अडवतो. म्हणतो, शाहू महाराजांनी ‘मूकनायक’ला अडीच हजार रुपये दिले ते काय होतं? दानच ना? बरोबर आहे, त्यांनी २५०० रुपये दिले, आणि त्या काळात ते लई मोठे पैसे होते. पण शाहू महाराज पैसे फेकून गाडीत बसले नाहीत. मार्च १९२० मध्ये ते माणगावच्या परिषदेला आले, आपल्या लोकांसमोर उभे राहिले आणि ह्या तरुण बॅरिस्टराला, तेव्हा तर तो बॅरिस्टरही व्हायचा होता, तुमचा पुढारी म्हणून ओळखा असं सांगून गेले. त्यांनी पैसा दिला आणि पेपरही घेतला. आमच्या स्टँडवरच्या सरांना एवढंच जमू द्या, मी त्यांच्या हाताला धरून त्यांना रसवंतीत बसवीन.

पेपर खेड्यातून चालतच नाही, हेही खोटं आहे. मुकुंदराव पाटलांनी सत्यशोधकांचं ‘दीनमित्र’ १९१० पासून खेड्यातून चालवलं. नेवासे तालुक्यातलं तरवडी. गोदावरीच्या वरच्या अंगाला, म्हणजे आपल्याच नदीवरचा मुलूख. तिथं अंक छापला जायचा आणि टपालानं वर्गणीदारांकडं जायचा. अशी अनेक दशकं चाललं ते. घनसावंगीत का चालणार नाही?

आता दुसरी बाजू. मागणं वाईट, असं ह्या देशानं सगळ्यांनाच सांगितलंय का? नाही बाबा. आपल्याच तालुक्यात जांब समर्थ आहे. रामदासांचं जन्मगाव. त्यांच्या दासबोधात चौदाव्या दशकात एक अख्खा समास भिक्षेवर आहे. भिक्षा मागण्यात कमीपणा नाही, उलट ते व्रत आहे, तिनं माणसं पारखता येतात, मुलूख कळतो, अशी त्यात मांडणी आहे. वाचा, घाबरू नका, वाचल्यानं बाटत नाही. मुंजीत बटूची भिक्षावळ निघते. नवं धोतर, हातात झोळी, आयाबाया लाडू अन् नोटा टाकतात, फोटो काढतात. पुण्यात शिकणारी गरीब बामणाची पोरं माधुकरी मागून शिकली, वार लावून जेवली, आणि पुढं मोठी झाल्यावर आत्मचरित्रात त्यांनी ते अभिमानानं लिहिलं. लिहावंच. भुकेनं शिकणाऱ्या कुठल्याही पोराचा मी अपमान करणार नाही.

पण मग माझा प्रश्न एवढाच, की एकाच हातवाऱ्याला तीन नावं कशी? बामणाच्या पोरानं हात पुढं केला तर माधुकरी. साधूनं केला तर भिक्षा. आमच्या आजीनं केला, तेही दिवसभर राबून, तर तुकडे मागणं. जात हातात नसते, ती नावात असते. शब्दकोशात असते. म्हणून शब्दासाठी भांडायचं. ‘किंमत’ ह्या शब्दासाठी मी भांडतोय ते उगीच नाही.

काही जण म्हणतील, आपल्या धम्मात भिक्खू आहे त्याचं काय? तोही पात्र घेऊन फिरतो. फिरतो. पण विनयाप्रमाणं तो पैसा स्वीकारत नाही, तोंडानं मागत नाही, मुकाट उभा राहतो. आणि बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’च्या प्रस्तावनेतच रोखठोक सवाल टाकून ठेवलाय, की भिक्खू कशासाठी? स्वतःपुरता पूर्ण माणूस व्हायला, की लोकांची सेवा करायला? दुसरं असेल तरच त्याचा धम्माला उपयोग. म्हणजे तिथंही हिशेब देण्याघेण्याचाच आहे. ज्यांना आपल्या अंकाच्या विक्रीला ‘धम्मदान’ म्हणायची हौस आहे त्यांनी तो शब्द विहारात ठेवावा. स्टँडवर किंमत.

आणि ज्यांना आपण भिकारी वाटतो त्या मोठ्या वर्तमानपत्रांचं काय चाललंय? सकाळी पाच-सहा रुपयांत जाडजूड पेपर घरात पडतो. तेवढ्यात त्याचा कागदही येत नाही. उरलेले पैसे कोण भरतं? सराफ भरतो, बिल्डर भरतो, क्लासवाला भरतो, सरकार भरतं. पुढाऱ्याच्या वाढदिवसाला पान पान शुभेच्छा. म्हणजे तो रुबाबात पेपर वाचणारा गृहस्थ दररोज सकाळी जाहिरातदाराच्या पंगतीत बसतो अन् त्याला वाटतं मी विकत घेतला. २००९ च्या विधानसभेच्या निवडणुकीत ह्याच महाराष्ट्रात पैसे घेऊन बातम्या छापल्या गेल्या, पी. साईनाथांनी ते उघड्यावर आणलं, प्रेस कौन्सिलला चौकशी समिती नेमावी लागली. त्याला कोणी भीक म्हटलं नाही. ‘पॅकेज’ म्हणाले. बघा, पुन्हा नावच.

कायदाही ह्याच डोळ्यांनी बघतो. मुंबईचा भिक्षा प्रतिबंध कायदा १९५९ चा. भीक म्हणजे काय, ह्याची त्यात व्याख्या आहे. सार्वजनिक जागी भीक मागणं, मग ती गाण्याच्या, नाचण्याच्या, भविष्य सांगण्याच्या, खेळ करण्याच्या किंवा एखादी वस्तू विकायला पुढं करण्याच्या मिषानं का असेना. परत वाचा. वस्तू विकायला पुढं करणं! सिग्नलवर पेपर विकणारं पोरगं आणि हात पसरणारं पोरगं ह्यांतला फरक ठरवायचा कोणी? तर पोलिसानं, आणि तेही वॉरंटशिवाय. उदरनिर्वाहाचं दिसण्यासारखं साधन नाही आणि सार्वजनिक जागी भटकतो किंवा थांबून राहतो, एवढ्यावरही माणूस भिकारी ठरू शकतो. पहिल्यांदा सापडला तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरीगृहात, पुन्हा पुन्हा सापडला तर दहा वर्षांपर्यंत. गुन्हेगार जमाती कायदा १९५२ साली गेला म्हणून आपण पेढे वाटले. सात वर्षांत हा दुसरा दारातून आत आला. दिल्ली हायकोर्टानं २०१८ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीत लागू असलेली त्याची मुख्य कलमं घटनाबाह्य ठरवली. २०२१ साली करोनाच्या काळात भिकाऱ्यांना रस्त्यावरून हटवा म्हणून कोणीतरी सुप्रीम कोर्टात गेलं तेव्हा कोर्टानं सुनावलं, की ही उच्चभ्रूंची नजर आम्ही घेणार नाही, माणसं नाइलाजानं रस्त्यावर येतात. कोर्टाला कळलं ते स्टँडवरच्या माणसाला कळायचं आहे.

आता आपल्याकडं वळतो, कारण वार फक्त बाहेर करायचा अन् घरात मऊ बोलायचं हा धंदा मला जमत नाही. आपण मागणं सोडलं ह्याचा आपल्याला अभिमान आहे. असावाच. पण त्या अभिमानाला एक घाण वास यायला लागलाय. दारात मसणजोगी आला, डवरी गोसावी आला, की आपलीच पोरं त्याला हाकलतात. “काम कर ना रे, धडधाकट तर हायेस.” हे वाक्य कुठं ऐकलंय? आपल्या आजोबाला हेच ऐकवलं जायचं. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला काय झालं? मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच भिक्षेकरी. बाजारचा दिवस. मोबाइलवर अफवा फिरलेली, पोरं पळवणारी टोळी आली म्हणून. जमावानं त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. पाचही मेले. ते कोण, कुठले, हे विचारायला जमावातलं कोणी थांबलं नाही. मागणारा माणूस आहे, ह्यावरच त्यांचा खटला निकालात निघाला. लक्ष्मण मानेंनी ‘उपरा’ १९८० साली लिहिला. भटक्यांची बिऱ्हाडं गाढवाच्या पाठीवर कशी हिंडतात ते त्या पुस्तकानं जगाला कळवलं. कळून चाळीस वर्षं होत आली होती, तरी राईनपाडा घडला.

तेव्हा ध्यानात ठेवा. अंकाची भीक करू नका हे मी सांगतो, ते भिकाऱ्याची लाज वाटते म्हणून नव्हे. त्याच्या हातात विकायला काही दिलं गेलं नाही. आपल्याला बाबासाहेबांनी दिलं. फरक एवढाच आहे, आणि तो आपल्या कर्तबगारीचा नाही.

जगात दुसरीकडं हाच पेच दुसऱ्या रीतीनं सोडवलेला आहे. न्यूयॉर्कला १९८९ साली आणि लंडनला १९९१ साली बेघर माणसांनी रस्त्यावर विकायचे पेपर निघाले. लंडनच्या ‘बिग इश्यू’ची रीत अशी, की विकणारा अंक निम्म्या किमतीत आधी स्वतः विकत घेतो आणि पुऱ्या किमतीला विकतो. मधला पैसा त्याचा. गळ्यात बिल्ला. आणि बिल्ला लावून भीक मागायची नाही, असा नियम त्याच्याकडून कबूल करून घेतात. तिथंही नाणं हातावर टेकवून अंक न घेता जाणारे आहेतच, माणूस सगळीकडं सारखा. पण नियम विकणाऱ्याच्या बाजूनं उभा राहतो. दिल्लीत २००३ पासून रस्त्यावरची पोरं स्वतः ‘बालकनामा’ लिहायला लागली. ज्यांच्यावर बातमी व्हायची त्यांनीच बातमीदारी केली. ही निम्म्या किमतीची रीत आपणही चालू करू. विकणाऱ्या पोराचा त्यात हिस्सा पाहिजे. चळवळ म्हणून फुकट राबवून घेणं म्हणजे पुन्हा येसकरपाळीच.

आणि आपले साहेब लोक! “जयभीम दादा, छान काम चाललंय. मला व्हॉट्सअॅपवर टाक ना.” ह्या साहेबाचा पगार मी काढत नाही, पण त्याच साहेबानं १४ एप्रिलला डीजेसाठी पाच हजार दिले तेव्हा तो डीजे व्हॉट्सअॅपवर मागवला नाही. मंडळाच्या पावतीवर नाव येतं, अंकाच्या खरेदीवर नाव येत नाही, एवढाच मतलब. आपलीच काही साप्ताहिकं तर जयंती विशेषांक काढतात, त्यात नदीतला वाळूउपसा करणाऱ्यांच्या पानभर शुभेच्छा. गोदावरी ओरबाडणारा हात जोडून उभा, वर बुद्ध, बाजूला बाबासाहेब. ह्याला काय म्हणायचं? वीस रुपये घेऊन अंक न देणारं पोरगं निदान अजाण असतं. पानभर जागा विकून पुढच्या वर्षभराची जीभ विकणारे अजाण नाहीत.

विकत कोण घेतं ते ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन बघा. शिवाजी पार्कावर पुस्तकांची दुकानं लागतात. रात्रभर रेल्वेत उभं राहून आलेली बाई, पायाला भेगा, कमरेला पिशवी. तिला वाचता येत नाही. ती दहा रुपयांची पुस्तिका उचलते, चित्र बघते, विचारते, “ह्यात काय लिवलंय रं?” विकणारा सांगतो. ती चंची सोडून पैसे मोजते. घासाघीसही करते! “आठाला दे.” किती छान. घासाघीस करणारी बाई विकणाऱ्याला आपल्या बरोबरीचा धरते. भिकाऱ्याशी कोणी घासाघीस करत नाही. आणि मग ती पुस्तिका पदरात गुंडाळून नेते, घरी नातवाकडून वाचून घेते. ‘अंक राहू दे, पैसे ठेव’ हे वाक्य मी अशा बाईच्या तोंडून एकदाही ऐकलेलं नाही. ते वाक्य वाचता येणाऱ्यांचं आहे.

का नको असतो त्यांना अंक? फुकटचा कागद घरी न्यायला काय हरकत? मी पुष्कळ विचार केला. सवर्णाचं समजतं. बैठकीत टेबलावर तो अंक दिसला तर पाहुणे काय म्हणतील. पण आपल्यातल्याचं कारण जास्त दुखतं. कॉलनीत त्यानं आडनाव सांभाळून घर घेतलेलं असतं. अंक घरी नेला की जात घरी जाते. वीस रुपये देऊन तो जात स्टँडवरच सोडून जातो. ते पैसे अंकाचे नसतात, ते गप्प बसण्याचे असतात. तुम्ही ते घेतलेत की त्या सौद्यात तुमचाही अंगठा उमटला.

म्हणून आपण काही ठरवलंय, आणि जो अंक विकायला उभा राहील त्यानं ते पाळायचं. अंक न घेता कोणी पैसे दिले तर पैसे परत. हसून परत, शिवी न देता, पण परत. “सर, हा विकायला आहे” एवढंच म्हणायचं. पन्नास दिले तर तीस परत. ऑनलाइन आले तर तिथल्या तिथं उलटे पाठवायचे. कोणी म्हणालं दुसऱ्याला दे, तर म्हणायचं, “दुसऱ्याचा त्याच्याजवळ आहे, हा तुमचा.” ज्याच्याजवळ खरंच पैसे नाहीत, रोजंदारीवरचा, ऊसतोडीला निघालेला, त्याला अंक उधार. वहीत नाव लिहायचं, कारखाना बंद झाल्यावर परत आला की मागायचे. उधारी ही माणसाची पत असते. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या वस्तीत जाऊन अंक मोठ्यानं वाचायचा, आणि तिथंही पाच घरांत मिळून एक तरी अंक विकायचा. फुकट वाटायचा नाही.

ह्यानं विक्री घटेल. मागच्या खेपेला गोळा झालेल्या पैशात अंक न नेणाऱ्यांचे पैसे बरेच होते, हे मलाही माहीत आहे. कागदवाल्याचं बिल थकेल, पुढचा अंक एखादा महिना उशिरा निघेल. निघू द्या. बाजारच्या दिवशी स्टँडवर जाताना सगळ्यांनी दहाच्या नोटा अन् सुट्टे आठवणीनं बरोबर ठेवा, नाहीतर परत द्यायचे कुठून?